घटक ४ : निवडणूक प्रचाराची भाषा आणि तरुण मतदार

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• ‘उदासीन मतदार’ या शब्दप्रयोगाचा अर्थ तपासून त्याच्या मर्यादा सांगता येतील.
• राजकीय मजकुराचा संबोधित कोण आणि केवळ ऐकणारा कोण, यांत फरक करता येईल.
• ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या सर्वनामांच्या वापरावरून पक्ष व मतदार यांच्यातील नाते ओळखता येईल.
• जाहीरनाम्यातील आश्वासनाचे भाषिक कृती म्हणून विश्लेषण करता येईल.
• पक्ष तरुणांपर्यंत का पोहोचत नाहीत, याची भाषिक व संघटनात्मक कारणे मांडता येतील.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषा माहिती देते, भावना व्यक्त करते आणि ऐकणाऱ्याला कृतीस प्रवृत्त करते, हे आपण मागील घटकांत पाहिले. निवडणूक प्रचारात ही तिन्ही कार्ये एकत्र येतात. सभेतील भाषण, भिंतीवरील घोषणा, जाहीरनामा, चौकातील फ्लेक्स आणि मोबाइलवर येणारी चित्रफीत या सर्वांचा हेतू एकच असतो : ऐकणाऱ्याने घराबाहेर पडून मत द्यावे. त्यामुळे प्रचाराची भाषा यशस्वी झाली की नाही, हे तपासणे तुलनेने सोपे आहे. ज्याच्याशी ती बोलली तो मतदान केंद्रावर आला का, एवढे पाहावे लागते.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३२६ नुसार प्रौढ मताधिकार मिळाला तेव्हा मतदानाचे किमान वय २१ होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते १८ वर आणले. ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. त्या वर्षी जन्मलेले मूल आज स्वतः मतदाराचा पालक होण्याच्या वयाकडे निघाले आहे. एवढा काळ लोटूनही प्रत्येक निवडणुकीच्या आधी ‘तरुण मतदानाला का येत नाहीत?’ हा प्रश्न नव्याने विचारला जातो आणि ‘ते उदासीन आहेत’ असे उत्तर दिले जाते.

हे उत्तर पुरेसे नाही, असे या घटकाचे प्रतिपादन आहे. पक्ष तरुणांविषयी पुष्कळ बोलतात, पण तरुणांशी बोलत नाहीत. आणि जे बोलतात त्याला प्रत्युत्तर देण्याची जागा ठेवत नाहीत. हा दोष शब्दांत दिसतो, पण त्याचे मूळ पक्षांच्या कामाच्या पद्धतीत आहे. म्हणून प्रथम शब्द, मग आकडे, नंतर प्रचाराची भाषा आणि शेवटी तिच्यामागची व्यवस्था, या क्रमाने आपण विषयाचा विचार करू.

४.३ ‘उदासीन’ या शब्दाचा विचार

‘उदासीन’ हा संस्कृतातून आलेला शब्द आहे. ‘उद्’ हा उपसर्ग आणि ‘आस्’ म्हणजे बसणे हा धातू यांपासून तो बनला. बाजूला बसलेला, पक्ष न घेणारा, असा त्याचा अर्थ होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजमंडळाचे विवेचन करताना ‘उदासीन’ ही एका राजाची संज्ञा आहे. हा राजा संघर्षाबाहेर असतो, पण दुबळा नसतो. तो ज्याच्या बाजूने उतरेल त्याचे पारडे जड होते, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे मानलेले नाही.

आजच्या मराठीत या शब्दावर ‘उदास’ या शब्दाची छाया पडली आहे. उदासीन म्हणजे उत्साह नसलेला, आळशी, कशाचेच सोयरसुतक नसलेला, असा अर्थ रूढ झाला. मूळ अर्थात एक स्थान सांगितले होते : हा माणूस बाजूला बसला आहे. नव्या अर्थात एक स्वभाव सांगितला जातो. स्थान सांगितले की ‘तो बाजूला का बसला?’, ‘त्याला आत बसायला जागा होती का?’ असे प्रश्न विचारता येतात. स्वभाव सांगितला की चौकशी तिथेच संपते आणि सगळा दोष मतदाराच्या पदरात पडतो. एखाद्या समूहाला दिलेले विशेषण त्या समूहाविषयीचे प्रश्न कसे मिटवून टाकते, याचे हे एक उदाहरण आहे.

४.४ आकडे काय सांगतात?

भाषेच्या अभ्यासकानेही विधान करण्यापूर्वी वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी देशाच्या मतदार यादीत सुमारे ९७ कोटी नावे होती. त्यांपैकी १८ व १९ वर्षे वयाचे मतदार १ कोटी ८० लाखांच्या आसपास होते. त्या वयोगटाच्या अंदाजित लोकसंख्येच्या मानाने ही संख्या निम्म्याहूनही कमी भरते. म्हणजे अनेक तरुणांच्या बाबतीत मत द्यावे की नाही हा प्रश्नच उद्भवला नाही. त्यांचे नावच यादीत नव्हते. वास्तविक आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा वर्षातील चार अर्हता दिनांकांना नोंदणी होऊ शकते आणि १७ वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो.

त्याच निवडणुकीत महाराष्ट्रातील दोन मतदारसंघांची तुलना पाहा. गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले, तर दक्षिण मुंबईत सुमारे ५० टक्के. गडचिरोलीत मतदान केंद्र गाठण्यासाठी जंगलातून चालावे लागते आणि संवेदनशील भागांत मतदानाची वेळही कमी असते. दक्षिण मुंबईत शाळा, रस्ते, वाहने आणि वृत्तपत्रे सारे हाताशी आहे. तेव्हा शिक्षण आणि सोयी वाढल्या की मतदान आपोआप वाढते, हा समज टिकत नाही.

तरुण सदाच मागे राहतात, हेही खरे नाही. दिल्लीच्या विकासशील समाज अध्ययन पीठाच्या ‘लोकनीती’ या विभागाने केलेल्या सर्वेक्षणांनुसार २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत तरुण मतदारांचे मतदान सर्वसाधारण प्रमाणाच्या बरोबरीस आले होते, किंबहुना किंचित पुढे गेले होते. जो गट एका निवडणुकीत येतो आणि दुसरीत येत नाही, त्याच्या न येण्याचे कारण त्याच्या वयात शोधून चालणार नाही.

आणखी एक नोंद उपयुक्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ मधील निर्णयानंतर मतदान यंत्रावर ‘नोटा’ हा पर्याय आला. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटाला २७ हजारांहून अधिक मते पडली आणि तो पर्याय दुसऱ्या क्रमांकावर राहिला. त्या निकालामागे स्थानिक पक्षीय कारणे होती, हे खरे. तरीही रांगेत उभे राहून ‘यांतले कोणी नको’ असे सांगणाऱ्या माणसाला आळशी म्हणता येत नाही. बोलण्याची इच्छा असलेला, पण बोलावे असे कोणी समोर नसलेला मतदारही असतो.

> स्वयं-अध्ययन प्रश्न – १
> १. ‘उदासीन’ या शब्दाचा मूळ अर्थ आणि आजचा रूढ अर्थ यांत कोणता फरक पडला आहे?
> २. मतदार यादीत नाव नसणे आणि मतदान न करणे यांत फरक करणे का आवश्यक आहे?

४.५ प्रचाराची भाषा कोणाशी बोलते?

४.५.१ संबोधित आणि ओझरते ऐकणारा

भाषावैज्ञानिक अॅलन बेल यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या विचारानुसार वक्ता आपली शैली श्रोत्यांना धरून घडवतो. पण सर्व श्रोते त्याच्या लेखी सारखे नसतात. ज्याला उद्देशून तो बोलतो तो ‘संबोधित’. ज्याची उपस्थिती त्याने मान्य केली आहे, पण ज्याला उद्देशून बोलणे नाही, तो दुसरा. आणि जो तिथे आहे हे ठाऊक असूनही ज्याला बोलण्यात धरलेले नाही, तो तिसरा. त्याला आपण ‘ओझरते ऐकणारा’ म्हणू. वक्त्याच्या शैलीवर सर्वाधिक प्रभाव पहिल्याचा आणि सर्वांत कमी प्रभाव शेवटच्याचा असतो.

एखाद्या प्रचारसभेला हे वर्गीकरण लावून पाहा. व्यासपीठावरील वक्ता वीस मिनिटे विरोधी नेत्याच्या आरोपांना उत्तर देतो. त्याचा खरा संबोधित तो विरोधी नेता असतो. पुढच्या रांगांतील कार्यकर्ते टाळ्या देतात. त्यांची उपस्थिती मान्य आहे. मागे उभा असलेला विशीतला मुलगा कोणी कोणाचा पक्ष केव्हा फोडला, याचा जुना हिशेब ऐकतो. तो हिशेब त्याच्या जन्माआधीचाही असू शकतो. शेजारच्या घरातले भांडण कानावर पडावे, तशी त्याची अवस्था होते. तो निघून गेला तर त्याला राजकारणात रस नाही, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ते संभाषण त्याच्याशी चाललेलेच नव्हते.

४.५.२ तृतीयपुरुषी तरुण

तरुणांचा उल्लेख प्रचारात वारंवार येतो, पण तो बहुधा तृतीय पुरुषात येतो. ‘तरुणाई’, ‘युवाशक्ती’, ‘उद्याचे शिल्पकार’ हे शब्द पाहा. ‘तरुणाई’ हे मूळचे भाववाचक नाम आज समूहवाचक झाले आहे. त्या समूहात कोणाचाही चेहरा दिसत नाही. हडपसरच्या कंपनीत रात्रपाळी करणारी मुलगी, बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातला मुलगा, पुण्यात खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पदवीधर आणि बाळंतपणानंतर मुक्त विद्यापीठातून पुन्हा शिक्षण सुरू केलेली गृहिणी या चौघांनाही ‘तरुणाई’ हा एकच शब्द लावला जातो. चौघांच्या अडचणी मात्र चार आहेत. ‘उद्याचे शिल्पकार’ या शब्दात आणखी एक गोष्ट सुचवलेली असते : आजचे निर्णय दुसरे कोणी घेतील.

‘युवा’ या शब्दाचा प्रवासही लक्षणीय आहे. मराठीत ‘तरुण’ आणि ‘युवक’ हे शब्द रुळलेले होते. ‘युवा’ हे रूप हिंदीच्या प्रभावाने विशेषण म्हणून पसरले आणि ते मतदारापेक्षा नेत्यालाच अधिक लागू लागले. ‘युवा नेते’, ‘युवा हृदयसम्राट’ हे शब्द चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर दिसतात. फ्लेक्सवरील व्यक्ती कित्येकदा चाळिशी ओलांडलेली असते आणि तिच्या भोवतीच्या छोट्या छायाचित्रांत खरे तरुण शुभेच्छुक म्हणून असतात. कोण बोलणार आणि कोणाचे केवळ नाव येणार, हे त्या एका फलकावरून कळते.

४.५.३ ‘आम्ही’ आणि ‘आपण’

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ या रूपात ऐकणारा वगळलेला असतो, तर ‘आपण’ या रूपात तो सामावलेला असतो. ‘आम्ही उद्या नाशिकला जाणार’ हे ऐकणारा घरी राहतो; ‘आपण उद्या नाशिकला जाणार’ हे ऐकणारा कपडे भरायला घेतो. प्रमाण हिंदीत ‘हम’ हे एकच रूप दोन्ही कामे करते. गुजरातीत मराठीप्रमाणेच दोन रूपे आहेत. (‘आपण’ हे रूप आदरार्थी द्वितीय पुरुषासाठीही येते, तो अर्थ येथे अभिप्रेत नाही.)

या भेदामुळे प्रचाराच्या मजकुराचे विश्लेषण करण्याचे एक नेमके साधन मराठी अभ्यासकाच्या हाती येते. राष्ट्रीय पक्षांचा बराच मजकूर प्रथम हिंदीत किंवा इंग्रजीत तयार होऊन मराठीत भाषांतरित होतो. मूळ ‘हम’ मराठीत आणताना भाषांतरकाराला निवड करावी लागते. अशा ठिकाणी ‘आम्ही विकास करू’ असे लिहिले की करणारा पक्ष आणि पाहणारा मतदार अशी विभागणी होते. मुंबई महानगरपालिकेच्या २०१२ च्या निवडणुकीत शिवसेनेची ‘करून दाखवलं’ ही घोषणा गाजली. त्या वाक्यात कर्ता उच्चारलेला नाही, पण तो पक्षच आहे, हे उघड आहे. आणि ‘दाखवणे’ या क्रियापदाला पाहणारा प्रेक्षक लागतो. याउलट २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने वापरलेला ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?’ हा प्रश्न बोलभाषेतील क्रियारूपामुळे आणि ‘माझा’ या एकवचनामुळे कोणाच्याही तोंडी बसू शकला. लोकांनी त्याची असंख्य विडंबने केली आणि पुढे तोच प्रश्न त्या पक्षालाही विचारला गेला. ज्या वाक्याला ऐकणारा आपले म्हणू शकतो, ते पक्षाच्या ताब्यात राहत नाही. कदाचित म्हणूनच पक्षांना ‘आम्ही’ अधिक सुरक्षित वाटत असावे.

४.५.४ आश्वासन ही भाषिक कृती

ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी असे दाखवले की काही वाक्ये केवळ वर्णन करीत नाहीत. ती उच्चारणे हीच एक कृती असते. ‘मी वचन देतो’ असे म्हणणे म्हणजे वचन देणे. त्यांचे यासंबंधीचे ग्रंथरूप विवेचन १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी ते पुढे विकसित केले. वचन सफल होण्यासाठी काही अटी असतात. बोलणाऱ्याने भविष्यातील स्वतःची कृती सांगितली पाहिजे. ती त्याच्या आवाक्यातील असली पाहिजे. ऐकणाऱ्याला ती हवी असली पाहिजे. आणि बोलणाऱ्याने स्वतःला बांधून घेतले पाहिजे.

आपल्याकडील पक्षांनी या कृतीसाठी निवडलेली नावे पाहा. जुना सर्वसामान्य शब्द ‘जाहीरनामा’. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाचे ‘संकल्पपत्र’ होते, काँग्रेसचे ‘न्यायपत्र’, राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार गटाचा ‘शपथनामा’ आणि शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाचा ‘वचननामा’. जाहीर करण्यापेक्षा वचन, वचनापेक्षा शपथ अधिक बांधणारी, अशी ही चढती भाषा आहे. शीर्षके इतकी बांधील, पण आतील वाक्ये कशी असतात? पुढील वाक्य अशा मजकुराचा नमुना म्हणून येथे रचले आहे :

‘युवकांच्या सर्वांगीण विकासासाठी रोजगाराच्या विविध संधी उपलब्ध करून देण्यात येतील.’

या वाक्यात ‘देण्यात येतील’ या कर्मणी रचनेमुळे कर्ता नाहीसा झाला आहे. ‘विविध’, ‘सर्वांगीण’ या विशेषणांना मोजमाप नाही. मुदत नाही, ठिकाण नाही. पाच वर्षांनी हे वाक्य खरे ठरले की खोटे, हे कोणालाही सांगता येणार नाही. सर्ल यांच्या अटी लावल्या तर येथे वचन घडलेलेच नाही. वचनाचा केवळ पेहराव आहे. आता हे दुसरे वाक्य पाहा, तेही नमुन्यादाखल रचलेले आहे :

‘आमचे सरकार आल्यास शासनातील रिक्त पदांची यादी दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करू आणि परीक्षेची जाहीर केलेली तारीख बदलल्यास त्याचे कारण लेखी देऊ.’

हे वाक्य लहान आहे, त्यात स्वप्न नाही; पण कर्ता, कृती आणि काळ स्पष्ट आहेत. ते मोडले तर मोडले, असे सांगता येते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला हे दुसरे वाक्य आपल्याशी बोलले, असे वाटेल.

असे वाटेल, याला आधार आहे. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली गेली तेव्हा पुण्यात विद्यार्थी मोठ्या संख्येने रस्त्यावर आले. ऑगस्ट २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची आणि बँक भरतीची परीक्षा एकाच दिवशी आली तेव्हा पुन्हा तसेच घडले आणि आयोगाला परीक्षा पुढे न्यावी लागली. सार्वजनिक प्रश्नासाठी रस्त्यावर बसणारी ही मुले मतदार याद्यांच्या भाषेत ‘उदासीन’ वयोगटातीलच आहेत. त्यांना शासनाच्या निर्णयांत रस आहे. त्या रसाला पक्षांच्या प्रचारात जागा मिळत नाही.

४.५.५ उसनी बोली

आपण तरुणांशी बोलत नाही, हे काही पक्षांच्या ध्यानात आले आहे. त्यावर त्यांनी योजलेला उपाय म्हणजे तरुणांची बोली उचलणे. छोट्या चित्रफिती, चित्रपटगीतांच्या चाली, ‘भावा’, ‘विषय हार्ड’ यांसारखे शब्द प्रचारात येऊ लागले. शैली बदलणे गैर नाही. परंतु बोली ही त्या बोलणाऱ्यांच्या परस्पर नात्याची खूण असते. नाते नसताना खूण वापरली की ती नक्कल ठरते आणि नक्कल तरुणांना सर्वांत आधी ओळखू येते. शब्द ‘भावा’ असला आणि वाक्याचा आशय ‘आम्ही ठरवले आहे, तू मत दे’ एवढाच असला, तर संबोधन बदलले तरी संबंध बदलत नाही.

> स्वयं-अध्ययन प्रश्न – २
> १. ‘ओझरते ऐकणारा’ ही संकल्पना प्रचारसभेच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
> २. ‘संधी उपलब्ध करून देण्यात येतील’ या रचनेत वचनाची कोणती अट पूर्ण होत नाही?

४.६ भाषेमागची व्यवस्था

प्रचाराची भाषा अशी का घडते, याचे कारण लेखकांच्या अकुशलतेत नाही. ते पक्षांच्या कामाच्या पद्धतीत आहे.

पहिले कारण हिशेबाचे. उमेदवारी अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत साधारण दोन आठवडे मिळतात. मोठ्या राज्यांत उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा २०२२ पासून लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे. एवढ्या वेळात कार्यकर्ता हमखास मत देणाऱ्याचे दार आधी ठोठावतो. जो मागच्या वेळी आला नाही किंवा शिक्षणासाठी परगावी आहे, त्याच्या नावापुढे खूण न करताच तो पुढे जातो. ज्याला कोणी विचारले नाही तो येत नाही, आणि जो आला नाही त्याला पुढच्या वेळी कोणी विचारत नाही. हे दुष्टचक्र आहे. एका निवडणुकीपुरता हा हिशेब पक्षाच्या फायद्याचा असतो. अनेक निवडणुका मिळून मात्र त्यातून एक मोठा वर्ग कायमचा बाहेर राहतो. आणि जे मत देत नाहीत त्यांच्या प्रश्नांवर निर्णय घेण्याची घाई कोणत्याही सरकारला नसते. वसतिगृहे, पदभरती, शहरांतील भाड्याच्या खोल्या, रात्रीची बससेवा हे विषय मागे पडतात ते यामुळेच.

दुसरे कारण पक्षांच्या रचनेत आहे. प्रत्येक मोठ्या पक्षाला युवक संघटना आहे. तिच्याकडे सभेची गर्दी, दुचाकी फेरी, समाजमाध्यमे ही कामे असतात. जाहीरनामा ठरवण्याचे काम सहसा नसते. मतदानाचे वय १८ असले तरी विधानसभा व लोकसभेची निवडणूक लढवण्यासाठी वय २५ लागते. २०२४ मध्ये निवडून आलेल्या लोकसभा सदस्यांचे सरासरी वय सुमारे ५६ आहे. उमेदवारी अनेकदा राजकीय घराण्यांत फिरते. अशा व्यवस्थेत नव्या कार्यकर्त्याचे बोलणे वरपर्यंत पोहोचण्याची वाट अरुंद असते.

तिसरे कारण सरावाच्या अभावाचे. पक्षाला तरुणांशी आणि तरुणांना पक्षांशी बोलण्याचा सराव होण्याच्या दोन जागा होत्या : महाविद्यालय आणि स्थानिक स्वराज्य संस्था. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका थांबून गुणवत्तेच्या आधारे विद्यार्थी प्रतिनिधी घेण्याची पद्धत आली. २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, पण प्रत्यक्षात त्या पुढे ढकलल्या जात राहिल्या. महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचार हे त्या थांबवण्याचे कारण होते आणि ते क्षुल्लक नव्हते. तरीही हिंसाचाराबरोबर संवादाची एक शाळाही बंद झाली. दुसरीकडे मुंबई महानगरपालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर तेथे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार राहिला. २०१७ च्या त्या मतदानानंतर काही दिवसांनी १८ वर्षांचा झालेला मुंबईकर पंचविशी गाठेपर्यंत आपल्या प्रभागाच्या नगरसेवकासाठी एकदाही मत देऊ शकला नाही. पाणी, कचरा आणि पदपथ या सर्वांत जवळच्या प्रश्नांवर ज्याचे मत इतकी वर्षे कोणी मागितले नाही, त्याने मोठ्या निवडणुकीत अचानक उत्साह दाखवावा, ही अपेक्षा अवास्तव आहे.

४.७ तरुण बोलते झाले तेव्हा

महाराष्ट्राच्या इतिहासात याच्या उलट उदाहरणेही आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्या शाहिरीने गिरणगावातील कामगारांच्या तोंडची भाषा व्यासपीठावर आणली. त्या भाषेचे ऐकणारे आणि बोलणारे एकाच वस्तीतले होते. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेली दलित पँथर ही तरुणांचीच संघटना होती. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार हे तिचे प्रमुख कार्यकर्ते लेखक-कवी होते आणि वयाने विशी-तिशीत होते. दलित साहित्याच्या अभ्यासात तुम्हाला त्यांची ओळख झालीच आहे. प्रमाण मराठीने ज्या अनुभवांना शब्द दिले नव्हते ते त्यांनी आपल्या वस्तीच्या भाषेत मांडले. त्यांच्यासाठी कोणी तरुणांची बोली उसनी आणलेली नव्हती. मजकूर, भाषा आणि निर्णय तिन्ही त्यांचे होते.

या उदाहरणांवरून ‘चळवळ आली की तरुण येतात’ एवढाच निष्कर्ष काढू नये. चळवळी ओसरतात, संघटना फुटतात. पँथरही काही वर्षांतच फुटली. पक्षांचे काम चळवळीपेक्षा संथ आणि दीर्घ असते. पण या चळवळींत जे घडले त्यातील एक गोष्ट पक्षांनाही करता येण्याजोगी आहे : ज्याच्याविषयी बोलायचे त्याला मजकूर ठरवण्याच्या टप्प्यावर बोलावणे. जाहीरनामा छापून झाल्यावर तरुणांचे मेळावे घेण्याऐवजी तो लिहिण्यापूर्वी तालुक्यातालुक्यात त्यांचे म्हणणे नोंदवणे, आणि त्यांतील काय घेतले व काय घेतले नाही हे कारणांसह सांगणे. तसे झाले तर पक्षाला ‘आपण’ हे सर्वनाम खऱ्या अर्थाने वापरता येईल.

४.८ समारोप

या घटकात आपण पाहिले की ‘उदासीन’ हा शब्द मूळात स्थान सांगणारा आहे आणि आज तो स्वभाव सांगण्यासाठी वापरला जातो. मतदानाचे आकडे पाहता तरुणांचे दूर राहणे कायमचे नाही आणि ते केवळ वयामुळेही नाही. प्रचाराच्या भाषेत तरुण बहुधा ओझरते ऐकणारा असतो. त्याचा उल्लेख तृतीय पुरुषात होतो. ‘आम्ही’ या रूपाने त्याला वगळले जाते आणि कर्ता लपवणाऱ्या वाक्यांतून त्याला तपासता न येणारी आश्वासने दिली जातात. या भाषेमागे हमखास मतांचा हिशेब, युवक संघटनांचे दुय्यम स्थान आणि सरावाच्या निवडणुकांचा अभाव ही कारणे आहेत. केवळ शब्द बदलून ही कारणे दूर होत नाहीत.

येत्या निवडणुकीत तुमच्या हाती प्रचाराचा मजकूर पडेल तेव्हा मत कोणाला द्यावे हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे. परंतु त्या मजकुरातील कर्ता कोण, सर्वनाम कोणते, मुदत कोणती, हे तीन प्रश्न मराठीच्या विद्यार्थ्याने अवश्य विचारावेत. उमेदवार दारात आला तर ते त्यालाही विचारावेत. तुमचे नाव यादीत नसेल तर नमुना ६ भरून नोंदणी करावी आणि पत्ता बदलला असेल तर नमुना ८ भरावा. बाजूला बसलेल्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार नसतो असे नाही. पण यादीत नाव असलेल्याच्या प्रश्नाला उत्तर देणे उमेदवाराला टाळता येत नाही.

४.९ पारिभाषिक संज्ञा

संबोधित : ज्याला उद्देशून बोलले किंवा लिहिले जाते तो.
ओझरते ऐकणारा : उपस्थित असूनही ज्याला संभाषणात धरलेले नाही असा श्रोता.
समावेशक सर्वनाम : ऐकणाऱ्याला सामावणारे रूप, उदा. ‘आपण’.
व्यावर्तक सर्वनाम : ऐकणाऱ्याला वगळणारे रूप, उदा. ‘आम्ही’.
भाषिक कृती : उच्चारण्यानेच घडणारी कृती, उदा. वचन देणे, शपथ घेणे.

४.१० स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे (मुद्दे)

प्रश्न १ : (१) मूळ अर्थ ‘बाजूला बसलेला’ हा स्थानदर्शक आहे, रूढ अर्थ स्वभावदर्शक असून तो कारणांची चौकशी थांबवतो. (२) नाव नसलेल्याला मत देण्याची संधीच नसते. त्याचे न येणे हा निर्णय मानता येत नाही.

प्रश्न २ : (१) विभाग ४.५.१ पाहा. (२) कर्ता लपल्याने बोलणारा स्वतःला बांधून घेत नाही. मोजमाप व मुदत नसल्याने वचन तपासता येत नाही.

४.११ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘पक्ष तरुणांविषयी बोलतात, तरुणांशी बोलत नाहीत’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. मराठीतील ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतील भेद राजकीय मजकुराच्या विश्लेषणास कसा उपयोगी पडतो, ते लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : तुमच्या भागातील कोणत्याही दोन पक्षांची प्रचारपत्रके मिळवा. तरुणांचा उल्लेख असलेली वाक्ये वेगळी काढा आणि प्रत्येकातील कर्ता, सर्वनाम, मोजमाप व मुदत यांचा तक्ता करा. त्यानंतर प्रथमच मतदान करणाऱ्या किंवा मतदान न केलेल्या एका परिचिताला ती वाक्ये वाचून दाखवा आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत नोंदवा.